पडणाऱ्याचा चेहरा

टोनी जा हा थायलंडचा नट. पोरवयात स्टंटच्या टोळीत शिरला, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावावर उड्या मारल्या, २७व्या वर्षी 'ओंग-बाक'चा नायक झाला आणि पुढे हॉलिवूडमध्ये दुय्यम भूमिकांत दिसू लागला. ही चढण की उतरण, यावर एकाच घरातल्या दोघांचं पटत नाही. काकांनी अंगात जोर होता तोवर मुंबईच्या हिंदी चित्रपटांत फायटर म्हणून मार खाल्ला, पुढे फाइट मास्टरचे सहायक झाले. पुतणी एडिटर आहे. खोट्या मारामाऱ्या खऱ्यासारख्या जोडणं हे तिचं रोजचं काम. खऱ्या उडीचं कौतुक काकांना असेल असं कुणालाही वाटेल. ते पुतणीला आहे. काकांना त्याचा राग येतो.

काका : 'ओंग-बाक' २००३ सालचा. त्याची जाहिरात कशावर चालली? डुप्लिकेट नाही, केबल नाही, कॉम्प्युटर नाही. जे दिसतंय ते सगळं हिरोनं स्वतः केलंय. आता मला सांग, डुप्लिकेट नाही यात भूषण कसलं? उद्या एखाद्या खाणावळीनं पाटी लावली की आमच्याकडे आचारी नाही, मालक स्वतःच रांधतो, तर तू तिथे जास्त विश्वासानं जेवशील का?

पुतणी : मालक आधी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या भटारखान्यात राबलेला असेल, तर जेवेन की. टोनी जा आयत्या वेळी उडी मारणारा हिरो नाही, काका. तो तुमच्यातलाच आहे.

काका : म्हणूनच तर जास्त लागतं.

पुतणी : आधी तो कुठून आला ते बघा. जन्म १९७६चा, सुरिन प्रांतातला. ईशान्य थायलंड, कंबोडियाच्या सीमेला लागून. घरी हत्ती पाळलेले. देवळाच्या जत्रेत पडदा लावून सिनेमे दाखवायचे, तिथे ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली बघितले आणि शेतात त्यांच्या उड्यांची नक्कल सुरू केली. त्या भागात पन्ना रित्तिक्राय नावाचा माणूस होता. कमी पैशांत मारधाडीचे सिनेमे काढायचा, स्वतःच नट, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच फाइट मास्टर. बँकॉकच्या मोठ्या थिएटरांत त्याला फारशी किंमत नव्हती, पण खेड्यापाड्यांत त्याचं नाव होतं. पंधराच्या आसपास हा पोरगा त्याच्याकडे गेला. पन्नानं त्याला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात धाडलं आणि मग आपल्या स्टंट टीममध्ये घेतलं.

काका : त्यानंतरची वर्षं तुम्ही लोक कशी सांगता, ते मला ठाऊक आहे. 'संघर्षाचा काळ' म्हणता. 'मॉर्टल कॉम्बॅट'चा दुसरा भाग १९९७ला आला, त्यात तो नायकाचा, म्हणजे रॉबिन शूचा, डुप्लिकेट होता. एका एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातीत हाँगकाँगच्या सॅमो हंग या नटाच्या जागी हत्तीचे सुळे धरून कोलांटी मारत त्याच्या पाठीवर चढला. हत्तीच्या घरात वाढलेल्या पोराशिवाय हे कोण करणार होतं? त्याचं पहिलं उत्तम काम ते. पण चेहरा सॅमो हंगचा, म्हणून ते 'संघर्ष' या खात्यात जमा! आम्ही जे आयुष्यभर केलं तो आमचा धंदा होता, बये. हिरो होण्याआधीची वेटिंग रूम नव्हती.

पुतणी : पण चेहरा झाकलेला होता ना? तुमचंच उदाहरण घ्या. कॅमेऱ्याकडे पाठ ठेवायची, हिरोसारखा विग, हिरोसारखा शर्ट. चुकून तोंड दिसलं तर टेक वाया. ज्या कामात स्वतःला लपवणं हीच पहिली अट, त्या कामाला अभिनय कसं म्हणणार?

काका : थांब. मारामारीत अभिनय कोण करतो, ते आधी ठरव. पंच मारणाऱ्याचा हात समोरच्याच्या नाकापासून वीतभर लांब असतो. कॅमेरा अशा कोनात लावतात की ते अंतर दिसत नाही. मग पंच लागला हे प्रेक्षकाला पटवतो कोण? खाणारा. मान कुठल्या क्षणी वळवायची, गुडघ्यातला जोर कधी सोडायचा, टेबलावर पडताना आधी दंड टेकवायचा की पाठ, पडल्यावर हात किती वेळ थरथरू द्यायचा. हिरो ताकदवान आहे हे आम्ही सिद्ध करत होतो, आमच्या अंगानं. याला आमच्यात रिअॅक्शन देणं म्हणतात. रिअॅक्शन चुकली तर सहा फुटी हिरोसुद्धा हवेत माश्या मारताना दिसतो.

पुतणी : हे मात्र टेबलावर रोज बघते. पंच लांबून गेलेला असतो, पण घेणाऱ्यानं वेळ बरोबर साधलेली असली की मला दोन फ्रेमसुद्धा उडवाव्या लागत नाहीत.

काका : मग? जॅकी चॅनचं बघ. १९७२च्या 'फिस्ट ऑफ फ्यूरी'त शेवटी ब्रूस लीची लाथ बसते आणि जपानी खलनायक दारातून उडत बाहेर पडतो. तो उडणारा जॅकी होता. पुढच्या वर्षी 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस ली एका पोराचे केस धरून मान मोडतो, तो पोरगाही जॅकीच. ब्रूस ली किती भयंकर आहे हे जगाला समजलं, त्यात लाथ खाणाऱ्यांचा वाटा नाही? उगाच म्हणतात की जॅकी 'स्टंटमनचा नट झाला'. तो नट होताच.

पुतणी : इथे तुमच्याशी भांडण नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. 'ओंग-बाक'मधली बाजाराच्या गल्लीतली धावपळ आठवा. गुंड मागे लागलेत, टोनी जा पळतोय. दोन माणसं मोठ्या काचा घेऊन चाललीत, तो त्यांच्या मधून कोलांटी मारून जातो. काटेरी तारेच्या वेटोळ्यातून सूर मारतो. गाडीखालून पाय फाकून घसरत जातो. त्याचा मित्र हमले त्याच रस्त्यानं धडपडत, आपटत पळतो. त्याच्यामुळे आपल्याला उडीचं माप समजतं. आणि प्रत्येक मोठ्या उडीनंतर दिग्दर्शक प्राच्या पिंकाएव तीच उडी पुन्हा दाखवतो, दुसऱ्या कोनातून, हळू गतीत. माझ्या धंद्यात कट हा लपवण्यासाठी असतो. हिरोचा चेहरा, कट, डुप्लिकेटची पाठ, कट, पुन्हा हिरोचा चेहरा. इथे कट साक्षीला उभा राहिलाय. बघा, काही लपवलेलं नाही, हवं तर या बाजूनं बघा. मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा बघितलं आणि मला वाटलं, एडिटिंग प्रामाणिकही असू शकतं.

काका : प्रामाणिक की जाहिरातबाज? पळणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात आहे असं तूच सांगतेस. मग गोष्ट थांबवून त्याची उडी तीनदा का बघायची? गुंड तेवढा वेळ चहा पितात का? जॅकीनंही तेच केलं. 'पोलीस स्टोरी'त, १९८५, मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, ते तीनदा दाखवलंय. हात भाजले त्याचे.

पुतणी : त्या वेळी गोष्ट थांबते, मान्य. पण लोक त्या क्षणी गोष्ट बघायला आलेलेच नसतात.

काका : हेच मला खटकतं! लोक काय बघायला येतात? हा मरतो की वाचतो, ते. एकदा का तू पोस्टरवर छापलंस की सगळं खरं आहे, की पुढच्या सिनेमात काय छापणार? अजून खरं? 'ओंग-बाक'मध्ये पायाला आग लावून लाथा मारल्या. ज्वाळा वर आल्या, भुवया-पापण्या भाजल्या, हे त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. पुढच्या वेळी काय जाळायचं? खोट्याला मर्यादा नसते, कारण ते सुरक्षित असतं. खऱ्याला शरीराची मर्यादा असते, आणि शरीर एकच मिळतं.

पुतणी : पुढच्या वेळी त्यानं काही जाळलं नाही. तो जिना चढला. २००५चा 'टॉम-यम-गूंग'. चोरीला गेलेले हत्ती शोधत तो सिडनीला पोचतो आणि एका बहुमजली हॉटेलच्या गोल जिन्यावरून वर चढत जातो, वाटेत येईल त्याला लोळवत. चारेक मिनिटं, एकही कट नाही, अंगावर बांधायचा कॅमेरा, स्टेडिकॅम, त्याच्या पाठोपाठ. त्या काळी फिल्मवर काम चालायचं, आणि स्टेडिकॅमवर चढवतात तो ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपतो. म्हणजे रोल संपायच्या आत वरच्या मजल्यावर पोचायचं आणि मधे कुणी एकजण जरी चुकला तरी सगळ्यांनी खाली येऊन पहिल्यापासून सुरू करायचं.

काका : तो शॉट मी बघितलाय. तू वर चढणाऱ्याकडे बघत होतीस, मी खाली पडणाऱ्यांकडे. एकाला तो वरच्या मजल्यावरून कठड्याबाहेर फेकतो. पडणारा खाली येईपर्यंत कॅमेरा त्याच्यावर, मग पुन्हा टोनीवर. चौकात गादी आधीपासून ठेवून चालणार नाही, कारण कॅमेरा फिरतोय, ती दिसेल. म्हणजे माणूस सुटायच्या आत गादी आत ढकलायची, तो पडला की बाहेर ओढायची, हे सगळं आवाज न करता. ढकलणाऱ्याला वरचं काही दिसत नाही, तो फक्त मोजतो. त्या चार मिनिटांचा खरा हिरो गादीवाला. त्याचं नाव तुला माहीत आहे?

पुतणी : नाही.

काका : मलाही नाही.

पुतणी : पण त्या शॉटमधली जी गोष्ट मला विसरता येत नाही, ती गादीवाल्याला करता आली नसती. पहिल्या मजल्यावर टोनी जाच्या लाथा कशा बसतात आणि शेवटच्या मजल्यावर कशा, ते ताडून बघा. खाली तो तीन पायऱ्या एका दमात घेतो. वर पोचेपर्यंत खांदे पडलेत, श्वास उघड्या तोंडानं चाललाय, हात उचलायला क्षणभर जास्त लागतो. तो थकलाय. थकल्याचं नाटक नाही, थकलाय. आणि तरी वर जातोय, कारण त्याचा हत्ती वर आहे असं त्याला वाटतंय. मी शंभर तुकडे जोडून वेग दाखवू शकते, भीती दाखवू शकते, अगदी माणूस मेलेला दाखवू शकते. दम मला जोडता येत नाही. प्रत्येक तुकडा ताज्यातवान्या माणसाचा असतो. मधे तो खुर्चीत बसून पाणी प्यायलेला असतो. म्हणून म्हणते, या माणसानं जे केलं तो धोका विकणं नव्हतं. तो अभिनय होता, आणि त्याला शरीराशिवाय दुसरं साधन नव्हतं.

काका : हे बोललीस ते मला पटलं. दम खरा होता. पण त्यासाठी कुणी वरच्या मजल्यावरून पडायची गरज नव्हती. चार मिनिटं पळवलं असतं तरी धापा टाकल्याच असत्या.

पुतणी : मग ती शर्यत झाली असती, लढाई नाही.

काका : लढाई हवी, तर लढाईचा हिशेबही ऐक. ७ नोव्हेंबर २०१६. बेंगळुरूजवळचं तिप्पगोंडनहळ्ळी धरण. 'मास्ती गुडी' नावाच्या कन्नड सिनेमाचा शेवट. नायक आणि दोन खलनायक हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी मारतात. खलनायकाचं काम करणारे दोघंही स्टंटमधून वर आलेले, नुकते कुठे त्यांचे चेहरे पोस्टरवर दिसायला लागले होते. नायक वाचला. ते दोघं बुडाले. चेहरा दिसावा म्हणून स्वतः उडी मारायची, हा हट्ट तेव्हापासून मला शौर्य वाटत नाही. डुप्लिकेट असता तर तो पोहणारा असता, त्याला माहीत असतं की अशा उडीत खाली बोट कुठे हवी आणि किती जणांची हवी. 'स्वतः केलं' या शब्दांखाली आखणीचा आळस लपतो.

पुतणी : ते दोघं गेले याला स्वतः उडी मारणं कारण नाही, व्यवस्था नसणं कारण आहे. डुप्लिकेट असते तर ते बुडाले असते आणि बातमी आतल्या पानावर आली असती.

काका : ...हं. तेही खरं. आमच्या वेळी अशा बातम्या आतल्या पानावरही येत नसत. फायटर लोकांसाठी विम्याची धड योजना व्हायला २०१७ उजाडलं, तीही अक्षय कुमारनं पुढाकार घेतला म्हणून. तो स्वतः बँकॉकला राहून मुए थाई शिकलेला, मार खाणं म्हणजे काय ते त्याला समजत होतं.

पुतणी : म्हणजे मार खाल्लेला माणूस हिरो झाला, म्हणून बाकीच्यांना विमा मिळाला. चेहऱ्याचा तेवढा तरी उपयोग मान्य करा.

काका : तेवढा केला. आता तुझ्या माणसाच्या उतरणीकडे वळू. 'ओंग-बाक'चा दुसरा भाग, २००८. नट टोनी जा, दिग्दर्शकही तोच, पन्नाबरोबर. पैसे हाताबाहेर गेले, निर्मात्याशी बिनसलं, आणि हा चित्रीकरण अर्धवट टाकून काही आठवडे निघून गेला. मग टीव्हीवर येऊन रडला. सिनेमा कसाबसा पुरा झाला. तिसरा भाग २०१०ला आला आणि त्याच वर्षी यानं सुरिनला जाऊन भिक्खूची दीक्षा घेतली. 'ओंग-बाक'पासून सात वर्षं. जॅकीकडे बघ. कवटी फुटली तरी चाळीस वर्षं टिकला. फरक कुठे पडला?

पुतणी : लोक म्हणतात, हिमतीचा नाही, नशिबाचा.

काका : लोकांना काय जातंय म्हणायला! फरक शाळेचा. जॅकीला लहानपणी हाँगकाँगमधल्या यू जिम-युएनच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत टाकलं होतं. दहा वर्षं. तिथे कोलांट्या शिकवत तसं गाणं शिकवत, रंग लावायला शिकवत, डोळे कुठे वळवायचे ते शिकवत. सॅमो हंग, युएन बियाओ सगळे तिथले. आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं पडद्यावर काम केलंय, स्टंट नंतर. म्हणून तो पडतो तेव्हा आपल्याला आधी त्याची भीती दिसते, मग उडी. पंच मारला तरी हात झटकतो, फुंकर घालतो, म्हणजे मारणाऱ्यालाही लागलं. ब्रूस ली अजिंक्य होता. त्याच्या मागोमाग आलेल्या सगळ्यांनी अजिंक्य व्हायचा प्रयत्न केला आणि आपटले. खुद्द जॅकीही सुरुवातीला आपटला. १९७८ला युएन वू-पिंगनं 'ड्रंकन मास्टर' केला तेव्हा त्याला वेंधळा, मार खाणारा होऊ दिलं, आणि तिथून तो जॅकी चॅन झाला. मार घेणं हा अभिनय आहे म्हणतो ते हेच. तुझा टोनी जा शिकला पन्नाच्या टीममध्ये आणि क्रीडा कॉलेजात. उडी अप्रतिम. पण पडद्यावर त्याला दुखत नाही. आणि ज्याला दुखत नाही त्याचं पुढे काय झालं, हे कुणाला जाणून घ्यायचं असतं?

पुतणी : जिन्यावर त्याला दुखत होतं, हे तुम्ही आत्ताच कबूल केलंत.

काका : तिथे. एकदा.

पुतणी : एकदा झालं म्हणजे त्याच्यात होतं. बाहेर काढणारं कुणी हवं होतं. आणि जॅकीच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट सोयीनं वगळता. सिनेमा संपल्यावर नावांच्या पाट्यांबरोबर फसलेले टेक दाखवायचे, जॅकी कोसळतोय, स्ट्रेचर येतंय, मागे गाणं चालू. युगोस्लाव्हियात १९८६च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी फांदी मोडून खाली डोक्यावर आदळला, कवटीचं हाड आत गेलं, तेही तिथेच दाखवलंय. पोस्टरवर 'खरं आहे' लिहिणं वाईट आणि शेवटी रक्त दाखवून तेच सांगणं चांगलं?

काका : तेही वाईटच. जखमेला गंमत करून टाकली त्यानं. आमच्याकडे नव्या पोरांनी ते बघून डोक्यात घेतलं की हाड मोडल्याशिवाय स्टंटमन म्हणवून घ्यायचं नाही. मी दहादा सांगायचो, चांगल्या फायटरची ओळख ही की दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर असतो.

पुतणी : म्हणजे जॅकीलाही माफी नाही. बरं. आता २०१०ची दीक्षा. तुम्हाला ती हार वाटते?

काका : नाही, उलट. थायलंडमध्ये पुष्कळ पुरुष काही काळापुरती दीक्षा घेतात, मग चीवर उतरवून संसाराला लागतात. त्यानंही तेच केलं. मला तर वाटतं, त्याच्या सगळ्या कारकिर्दीत शरीराला खरी सुट्टी मिळाली ती तेव्हाच. तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांसारखं त्याचं नाटक करता.

पुतणी : मला त्यानंतरचं जास्त सलतं. 'फ्यूरियस ७', २०१५. पॉल वॉकरशी त्याची मारामारी. मी ती फ्रेम फ्रेम करून बघितलीय. लाथ निघते, कट. लाथ बसते, कट. कॅमेरा हलतो. ज्या माणसाला चार मिनिटं नुसतं बघता येतं, त्याला एक सेकंदाच्या तुकड्यांत वाटून टाकलाय. माझ्याच जातीच्या लोकांनी. आणि पुढे २०१७ला 'ट्रिपल एक्स : रिटर्न ऑफ झँडर केज'. आपल्याकडे सगळे दीपिका पदुकोणसाठी गेले. पिवळे केस केलेला, नाचत नाचत लढणारा तो टोनी जा आहे, हे किती जणांना समजलं?

काका : मग काय बिघडलं? हप्ता वेळेवर मिळाला असेल, विमा असेल, डॉक्टर सेटवर असेल, संध्याकाळी धड पायांनी घरी गेला असेल. चाळिशीतल्या फायटरला याहून काय हवं? पोट भरणं हा अपमान नाही. तुला त्याच्या शरीरातून कला हवी आहे. शरीर त्याचं आहे.

पुतणी : मला त्याची हाडं मोडायला नको आहेत, काका. एक लांब शॉट हवाय.

काका : 'फ्यूरियस ७'चं नाव घेतलंस म्हणून सांगतो. पॉल वॉकर २०१३च्या नोव्हेंबरात अपघातात गेला. सिनेमा अर्धा राहिला होता. मग त्याचे दोन भाऊ, काही डुप्लिकेट उभे केले आणि कॉम्प्युटरनं पॉलचा चेहरा त्यांच्यावर चढवला. टोनी जा हॉलिवूडमध्ये पोचला तो नेमका त्याच सिनेमात. आयुष्यभर धडपड केली की माझ्या उडीला माझाच चेहरा हवा, आणि तिथे चेहराच वेगळा काढून पाहिजे त्या धडावर बसवायची सोय झाली होती.

पुतणी : तिथे ते प्रेमापोटी केलं. पण उद्या पैसे वाचवण्यासाठी करतील. म्हणूनच २००३च्या त्या पोस्टरचं मोल आता जास्त वाटतं. तेव्हा ती बढाई होती. आता एखाद्या सिनेमानं तेच लिहिलं, तर ती माहिती ठरेल. या धडावरचं डोकं त्याचंच आहे, एवढी.

काका : बरं, 'एसपीएल २' बघितलास?

पुतणी : २०१५चाच. दिग्दर्शक सोई चेंग. तुम्ही कुठे बघितलात?

काका : तुझ्याच लॅपटॉपवर. त्यात तो तुरुंगातला पहारेकरी आहे. मुलीला रक्ताचा कर्करोग, तिच्याशी जुळणारी अस्थिमज्जा शोधतोय. बोलतो थाई भाषेत, स्वतःच्या. मारामाऱ्या आहेत, वू जिंग आहे, पण मला आवडलं ते मुलीच्या खाटेजवळ बसणं. बोजड माणूस, हात कुठे ठेवावेत ते समजत नाही. तिथे पहिल्यांदा वाटलं, हा आता नट झाला.

पुतणी : मला नेमकं उलटं वाटलं. खाटेजवळ तो ठीकच आहे, तसं पुष्कळ नट करतील. पण नंतर लढतो तेव्हा प्रत्येक लाथेत तीच मुलगी आहे. आपण हरलो तर तिचं काय, हे त्याच्या चालीत दिसतं. 'टॉम-यम-गूंग'मध्ये हत्ती होता, इथे पोर. याला लढायला कारण लागतं, आणि ते दिलं की संवाद लागत नाही.

काका : ही मेख आहे. कारण. पन्नानं त्याला उडी शिकवली, कारण द्यायचं काम दिग्दर्शकांचं होतं. दोन-तीनदाच कुणी दिलं. पन्ना २०१४च्या जुलैत गेला, अवघा ५३ वर्षांचा. त्या माणसावर कुणी चार ओळी लिहिल्या आपल्याकडे?

पुतणी : आपल्याकडे नादियावर तरी कुठे वेळेत लिहिलं? १९३५ला 'हंटरवाली' आला. परळला जिथे पुढे शांतारामबापूंचं राजकमल झालं, तिथे वाडिया मूव्हिटोन होतं. मूळची पर्थची मेरी इव्हान्स, सर्कशीतून आलेली, आगगाडीच्या टपावर लढायची. तिच्या बाबतीत चेहरा कुणाचा आणि उडी कुणाची हा प्रश्नच नव्हता. तरी तिची गणना 'स्टंटपटांची बाई' अशीच, अभिनेत्री म्हणून नाही. म्हणजे चेहरा दाखवूनही मान मिळत नाही. २०२३ला मिशेल यिओला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेव्हा कौतुक झालं ते डोळ्यांतल्या भावांचं. त्याच सिनेमातल्या तिच्या हाणामाऱ्यांना कुणी अभिनयात धरलं नाही.

काका : ऑस्करवाल्यांनी आता स्टंटसाठी पुरस्कार काढलाय ना?

पुतणी : २०२५च्या एप्रिलमध्ये जाहीर केला. २०२७च्या सिनेमांपासून, म्हणजे २०२८च्या सोहळ्यात पहिल्यांदा मिळेल. शंभर वर्षं लागली. पण तो स्टंटच्या आखणीला आहे. उडी मारणाऱ्याला नाही.

काका : आखणीलाच हवा! पडणारा घरी परत जातो तो आखणीमुळे. हिमतीला बक्षीस दिलंस की उद्या बक्षिसासाठी पोरं जिवावर उदार होतील. मी तर म्हणतो, शहाणपणा केला त्यांनी.

पुतणी : त्यांनी बरोबरच केलं. पण मग जिन्यावरचा तो दम कुठल्या खान्यात टाकायचा? आखणी त्याची एकट्याची नव्हती, पन्नाची होती, तुमच्या गादीवाल्याची होती. पण वर पोचल्यावर उघड्या तोंडानं घेतलेला श्वास त्याचा होता. तो आखता येत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की त्याला अभिनयाच्या यादीत जागा द्या. धोक्यासाठी नाही, दमासाठी.

काका : दे. पण त्याला एकट्याला नको. त्याच्या लाथेनं जे जे पडले, ज्यांनी वेळ साधून मान वळवली म्हणून त्याची लाथ लाथ दिसली, त्यांनाही त्याच यादीत घाल.

पुतणी : यादी फार लांब होईल, काका.

काका : होऊ दे की. सिनेमा संपल्यावर तुम्ही एडिटर लोक नावांच्या पाट्या पळवता ना, त्या आधी जरा सावकाश सोडा. फायटरांची नावं एका श्वासात वाचता येतील एवढ्या. मग बोलू ऑस्करचं.